पायावरचा भार

इंदूरच्या आमच्या घरी पुतणीचा साखरपुडा होता. फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून मी स्टँडवर चढविला, छत्री लावली. मुलगी आजीच्या पाया पडावयास वाकली आणि नेमका तेव्हाच तो कोसळला. दिवा शाबूत राहिला. मोडला तो त्याचा प्लॅस्टिकचा पाय. माझ्या स्वस्त अडॅप्टरने सारा भार त्या पायावरच टाकला होता.

पुढे मी ‘एस’ जातीचा ब्रॅकेट निवडला. तो फ्लॅशला पायाशी न धरता अंगाभोवती आवळतो, छत्रीची दांडी स्वतः पेलतो आणि स्टँडच्या ५/८ इंची खुंटीवर घट्ट बसतो.

“भाऊजी, एवढ्याशा तुकड्याचा केवढा विचार!” वहिनी हसल्या.

आई आता नाही. तेवढे एक छायाचित्र राहूनच गेले.