ब्रेकखालचं पेट्रोल

गाडी ॲव्हरेज देईनाशी झाली की आपला पहिला संशय पेट्रोलपंपावर जातो, दुसरा कंपनीवर आणि तिसरा मेकॅनिकवर. स्वतःच्या उजव्या पायाला कोणी जाब विचारत नाही. विचारला तरी ‘ॲक्सिलरेटर किती दाबतोस’ एवढंच विचारतात. माझ्या मते खरा हिशेब ब्रेकचा आहे. हजार किलोची छोटी कार थांबलेल्या अवस्थेतून ताशी ८० किलोमीटरच्या वेगाला आणायची, तर तो वेग कमवायलाच साधारण ३० मिलिलिटर पेट्रोल जळतं. टपरीवरच्या अर्ध्या कप चहाएवढं. ब्रेक मारून गाडी उभी केली की तो अर्धा कप डिस्क तापवण्यात गेला. पुढे निघताना दुसरा अर्धा कप ओतायचा. म्हणून पेट्रोल वाचवायचं काम पायाआधी डोळ्यांचं आहे.

त्या बाबतीत वर्धा जिल्ह्याचा मुलूख चालकाला अनुकूल आहे. जमीन बहुतेक सपाट, रस्ते सरळ. कापसाच्या हंगामात हिंगणघाटच्या बाजारात निघालेली ट्रॅक्टर-ट्रॉली दुरूनच दिसते आणि गावाच्या वेशीवरचा गतिरोधक कुठे आहे, हे रोज जाणाऱ्याला पाठ असतं. तरीही आपण शेवटच्या क्षणापर्यंत गाडी दामटतो आणि मग कचकन ब्रेक मारतो. त्याऐवजी आधीच पाय उचलावा आणि गाडी गिअरमध्येच राहू द्यावी. हल्लीच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत असा पाय उचलला की इंजेक्टर पेट्रोल सोडणंच थांबवतो. चाकं इंजिनाला फिरवत राहतात. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून सोडणं ही बचत आहे, हा समज कार्बोरेटरच्या काळातला. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. तळेगावजवळच्या सत्याग्रही घाटात न्यूट्रल टाकणारा पेट्रोल वाचवत नाहीच, वर उतारावर इंजिनाचा आवरही गमावतो.

यावर पहिला आक्षेप वेळेचा. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मुभा असताना ९० ने का जावं? गणित करून पाहू. ६० किलोमीटरला १२० ने ३० मिनिटं लागतात, ९० ने ४०. वाचली दहा मिनिटं. पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे १२० ला तो ९० च्या जवळपास पावणेदोन पट होतो. कोणाला दवाखाना गाठायचा असेल, तर ती दहा मिनिटं लाखमोलाची आहेत. त्याने खुशाल १२० ने जावं. पण दहा मिनिटं वाचवून नागपुरात पार्किंग शोधत अर्धा तास फिरणाऱ्याने आपण काय विकत घेतलं, याचा विचार करावा.

दुसरा आक्षेप असा, की इथेनॉलमुळे ॲव्हरेज पडलं, आम्ही काय करणार? तक्रार खोटी नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते आणि २० टक्के मिश्रणामुळे जुन्या बनावटीच्या गाड्यांचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्के घटेल, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलं आहे. पण टाकीत काय भरायचं हे आपल्या हाती नसलं, तरी टायरमध्ये किती हवा भरायची हे आहे. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी; आकडा चालकाच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेला असतो. मे महिन्याच्या दुपारी वीस किलोमीटर चालवून पंपावर गेलात, तर मीटर चार-पाच पॉइंट जास्त दाखवतो. तेव्हा ‘जास्त झाली’ म्हणून हवा सोडली, की दुसऱ्या सकाळी टायर बसलेले असतात आणि इंजिन ते ओझं दिवसभर ओढतं. एअर फिल्टरबद्दल मात्र खरं सांगायला हवं: इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत मळका फिल्टर ॲव्हरेज फारसं खात नाही, तो गाडीचा दम खातो. कापसाची धूळ उडणाऱ्या भागात तो वेळेवर बदलावा, पण त्याने ॲव्हरेज उसळी मारेल, या आशेवर नव्हे.

शेवटचा आक्षेप सगळ्यात जुना: पैसे माझे, पेट्रोल माझं, तुम्हाला काय? याचं उत्तर वर्ध्यातच दिलं गेलं आहे. मगनवाडीत बसून ग्रामोद्योग संघाचं काम पाहणाऱ्या जे. सी. कुमारप्पांनी साठ्यावर जगणारी आणि प्रवाहावर जगणारी, अशी अर्थव्यवस्थेची फोड केली होती. कोळसा आणि पेट्रोल हा साठा; काढाल तेवढा कमी होणारा. त्यात ‘माझं’ म्हणण्यासारखं फक्त बिल असतं.

माझ्या शब्दावर जाऊ नका. टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, नेहमीसारखी गाडी चालवा आणि पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा फुल करून किलोमीटरला लिटरने भागा. दुसरी टाकी ब्रेक कमीत कमी लागेल अशी चालवा. दोन्ही आकडे डॅशबोर्डवर चिकटवून ठेवा. त्यातला फरक हा तुमच्या पायाचा आहे, गाडीचा नाही.