उजेडाला धरून

कापड ओळखायचं तर आधी ते उजेडाला धरायचं. भिवंडीत पस्तीस वर्षं मी लूमच्या कारखान्यात मेहता होतो, म्हणजे हिशेब लिहिणारा. पण वह्यांपेक्षा जास्त मी कापडच बघितलं. ताग्याचं टोक दोन्ही हातांनी ताणून खिडकीकडे धरलं की विरळ जागा आपोआप डोळ्यांत भरते. मग चिमटीत घेऊन चोळायचं. खळ जास्त असेल तर बोटांना पिठासारखी लागते. शेवटी एक इंची चौकोनाची छोटी काच कापडावर ठेवायची आणि उभे-आडवे धागे मोजायचे. एवढं झाल्यावर भाव. हे मला कोणी शाळेत शिकवलं नाही. तिथल्या जुन्या कारागिरांनी शिकवलं. ज्यांचे आजे-पणजे उत्तरेतून हातमाग घेऊन या गावात आले, त्या घरांतली माणसं ती. त्यांची बोटं अंधारातही सूत ओळखायची.

आमच्या घरात फेंट वापरलं गेलं. फेंट म्हणजे ताग्यातून उरलेले तुकडे, दोन वार, तीन वार, किलोवर मिळणारे. आमच्या उशांचे अभ्रे, खिडक्यांचे पडदे, मुलीचे पहिलीपासून चौथीपर्यंतचे फ्रॉक, सगळं फेंटातलं. बायको ढिगाऱ्यासमोर बसायची आणि तासाभराने चार तुकडे घेऊन उठायची, पण ते चार असे असायचे की शेजारणी विचारायच्या, कुठून आणलं. स्वस्त आणि हलकं हे आमच्याकडे कधी एका अर्थाचे शब्द नव्हते. स्वस्त म्हणजे कमी पैशांत मिळालेलं. हलकं म्हणजे धुतल्यावर जाळी होणारं. स्वस्तातलं चांगलं शोधून काढणं हा आमच्या संसाराचा अभिमान होता आणि आजही आहे.

म्हणून २०२४ च्या मे महिन्यात मुलीकडे बर्मिंगहॅमला गेलो आणि ती मला पहिल्यांदा आल्डी या किराणा दुकानात घेऊन गेली, तेव्हा मला परक्या दुकानात आल्यासारखं वाटलंच नाही. खोके वरून फाडून तसेच फळीवर ठेवलेले. तेल एक प्रकारचं, फार तर दोन. सजावट नाही, गाणी नाहीत, कोपऱ्यात उभं राहून गोड बोलणारं कोणी नाही. या दुकानाचं मूळ जर्मनीत. तिथे एसेन शहरात अल्ब्रेख्त नावाच्या घराचं एक किराणा दुकान होतं; आईचं दुकान दोन मुलांनी चालवायला घेतलं आणि युद्धानंतर त्याच्या शाखा काढल्या. माल थोडा ठेवायचा, झटपट खपवायचा, नफा कमी घ्यायचा. ‘अल्ब्रेख्त डिस्काउंट’ची पहिली अक्षरं जोडून आल्डी. इंग्लंडमधली त्यांची पहिली शाखा १९९० साली याच बर्मिंगहॅमच्या स्टेचफर्ड भागात उघडली. आपल्याकडे २००२ साली पवईला पहिलं डीमार्ट निघालं त्यामागचा विचार याच जातीचा. आमच्या भिवंडीतल्या मॉलमध्ये रविवारी डाळ-तांदळाच्या रांगेत उभी असलेली माणसं आणि आल्डीतली माणसं, चेहरे सोडले तर सारखीच. यादी हातात, डोळा किमतीच्या चिठ्ठीवर.

फक्त एका फळीपाशी मी थबकलो. तांदूळ आणि तेल संपलं की पुढे वाइन. लाल, पांढरी, गुलाबी, शंभरेक बाटल्या, उघड्यावर मांडलेल्या. त्यांच्यापुढे एक बाई उभ्या होत्या, माझ्याच वयाच्या, चाकांची पिशवी बाजूला उभी करून. त्यांनी एक बाटली उचलली, चष्मा कपाळावर सारला, मागची चिठ्ठी नाकाजवळ नेऊन वाचली. ठेवली. दुसरी घेतली. ती वर धरून दिव्याच्या उजेडात बघितली. तीही ठेवली. असं चार वेळा झालं. जाणारे-येणारे त्यांच्या बाजूने गाड्या ढकलत जात होते, एकानेही वळून पाहिलं नाही. पाचवी त्यांनी पिशवीत ठेवली, पावाच्या शेजारी. ढिगाऱ्यापुढे बसलेली माझी बायको मला तिथे दिसली.

मुलगी म्हणाली, “बाबा, इथे एक हिशेब आहे, तुम्हाला आवडेल.” घरी आल्यावर तिने बिलाच्या पाठीवर मांडून दाखवला. त्या देशात साध्या वाइनच्या बाटलीवर तेव्हा २ पौंड ६७ पेन्स कर ठरलेला. बाटली महाग असो की स्वस्त, कर तोच. त्यावर २० टक्के व्हॅट. म्हणजे ५ पौंडांच्या बाटलीत व्हॅटचे ८३ पेन्स गेले, कराचे २ पौंड ६७ गेले, उरला दीड पौंड. त्या दीड पौंडात काच, बूच, खोका, जहाज, दुकानाचा नफा आणि सगळ्यात शेवटी द्राक्षं. आता ८ पौंडांची घ्या. व्हॅट १ पौंड ३३, कर तोच, आणि उरतात पूर्ण ४ पौंड. किंमत वाढली तीन पौंडांनी, आतल्या मालाचा पैसा झाला अडीचपटीहून जास्त. मी ते बिल घडी करून खिशात ठेवलं, अजून आहे. सगळ्यात स्वस्त बाटली ही सगळ्यात फायद्याची नसते, एक पायरी वर फायदा असतो. आणि आल्डीसारखं दुकान मधला नफा कापून ती वरची पायरी थोडी खाली आणून ठेवतं. लूमच्या धंद्यात हेच. सगळ्यात खालच्या भावाच्या कापडात सूत कमी आणि खळ जास्त.

त्या महिन्यात मी मुलगी-जावयाबरोबर सात-आठ बाटल्या चाखल्या, प्रत्येकीतून पाव ग्लास. काही शिकलो. ज्या मुलखाचं नाव मोठं, तिथे नावाचे पैसे लागतात. पोर्तुगाल, चिली, फ्रान्सचा दक्षिण किनारा इथून येणारी कमी पैशांत जास्त देते. साध्या पांढरीचं साल जितकं अलीकडचं तितकं बरं. झाकण फिरवून उघडणारी बाटली हलकी समजू नये. आणि या सगळ्यांत मला जी मनापासून आवडली ती दक्षिण आफ्रिकेची पांढरी होती. जीभ आधी पिकायला आलेल्या पेरूवर थांबते, मग मधाचा पुसट वास, आणि गिळताना कैरीच्या फोडीसारखी आंबट धार. चिठ्ठीवर द्राक्षाचं नाव होतं, शेनिन ब्लाँ. मूळ फ्रान्समधल्या लुआर नदीच्या काठचं, पण आता जगात सगळ्यात जास्त लागवड दक्षिण आफ्रिकेत.

जावई म्हणाले, “हे द्राक्ष तुमच्या नाशिकलाही आहे.”

मला ते माहीत नव्हतं. पस्तीस वर्षं मुंबई–नाशिक हमरस्त्याच्या कडेला राहिलो. दर थंडीत निफाड-दिंडोरीची द्राक्षं पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून आमच्या गावावरून मुंबईला गेली. कितीदा ती खोकी विकत घेतली. पण त्याच मातीत शेनिन ब्लाँ पिकतं, २००० साली नाशिकच्या सुला कंपनीने आपल्या पहिल्या वाइन बाजारात आणल्या तेव्हा त्यांत हेही द्राक्ष होतं, हे मला बर्मिंगहॅमच्या स्वयंपाकघरात कळलं. मग मी वाचत गेलो. नारायणगावला श्यामराव चौगुल्यांनी त्याच्याही आधी, ऐंशीच्या दशकात, फ्रेंच तंत्राने फेसाळती वाइन काढून परदेशी पाठवली होती. राज्याने २००१ साली द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क उभं राहिलं. अकलूजला, सोलापूरच्या उन्हात, इटालियन भागीदारांबरोबर फ्रातेली ही वायनरी उभी राहिली. युरोपात द्राक्षं सप्टेंबरात खुडतात. आपल्याकडे वेलीची छाटणी दोनदा होते, एप्रिलमध्ये एक आणि पावसाळा सरताना दुसरी, म्हणजे घड कोरड्या थंडीत भरतात आणि खुडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते. दुसऱ्या छाटणीचा हात चुकला तर वर्ष गेलं. एवढी मेहनत माझ्या घरापासून तीन तासांवर चालते आणि त्याच द्राक्षाची चव मी सात समुद्रांपलीकडे, दुसऱ्या देशाच्या मालात घेतली. याचं मला वाईट वाटलं, अजून वाटतं.

चाखून पारखणं आमच्या घरात नवं नव्हतं. माझे वडील खाडीकाठच्या गावात भातशेती करायचे. त्या जमिनीवर आता गोदाम आहे. तिथे ताडाची झाडं होती. पहाटे मडकं उतरलं की वडील बोट बुडवून चाखायचे आणि सांगायचे, ही गोड आहे, पोरांना द्या. नऊ वाजता तीच चाखून म्हणायचे, आता पुरे, आता ही मोठ्यांची. दुपारनंतरची ते घरात आणू द्यायचे नाहीत. किती वाजताची, कुठल्या झाडाची, मडकं धुतलेलं होतं का, हे सगळं उघड विचारलं जायचं, अंगणात, आईसमोर.

परतल्यावर मी भिवंडीत शेनिन ब्लाँ शोधायला निघालो. मॉलमध्ये बेदाणे आहेत, द्राक्षाचा रस आहे, वाइन नाही. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं होतं की शंभर चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या सुपरमार्केटांत, कुलूपबंद कपाटात, वाइन विकता येईल. देवळं-शाळांजवळ नाही, दारूबंदीच्या जिल्ह्यांत नाही. केवढा गदारोळ झाला. अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला. निर्णय कागदावरच राहिला. तेव्हा बायको म्हणाली होती, “अहो, किराणा घ्यायला बाई लेकरू घेऊन जाते, तिथे हे कशाला?” तिचं म्हणणं मी झटकणार नाही. पगाराच्या दिवशी कारखान्याच्या कोपऱ्यावर उभ्या राहणाऱ्या बायका मी माझ्या खिडकीतून पाहिल्या आहेत. नवरा गुत्त्याकडे वळण्याआधी त्याच्या हातातून घरखर्च काढून घ्यायला आलेल्या. वाइनमध्येही बारा-तेरा टक्के अल्कोहोल असतंच. ते नाकारून कोणी वाइनची बाजू घेत असेल तर मी त्याच्या बाजूने नाही. पण त्या बायकांचे नवरे जिथे जायचे तो गुत्ता अंधारातच होता. आपल्याकडे ती वस्तू अंधारातच विकली जाते, आणि अंधारात पिणारा किती पितो हेही दिसत नाही.

वाइन शॉप म्हणजे लोखंडी जाळी. जाळीतून हात आत, नोट आत, काळी पिशवी बाहेर. पाठीमागे सहा माणसं, प्रत्येकाला घाई, प्रत्येकाची मान खाली. पहिल्यांदा मी नाव सांगितलं, मिळालं ते घेतलं आणि ओळखीचं कोणी दिसायच्या आत रिक्षात बसलो. घरी उघडली तर रंग गडद पिवळा, वास उकडलेल्या सफरचंदासारखा. वर्षानुवर्षं काचेच्या कपाटात, उन्हाच्या तोंडाशी उभी राहिलेली बाटली असणार. पैसे गेले याचं दुःख थोडं. मी ती हातात घेऊन बघितली नाही, साल वाचलं नाही, उजेडाला धरली नाही, याचं जास्त. पस्तीस वर्षांत मी एक वार कापडही असं घेतलं नव्हतं.

परदेशी बाटलीचा विचार सोडून दिला. आयातशुल्क तेव्हा १५० टक्के होतं. ऑस्ट्रेलियाशी २०२२ च्या डिसेंबरपासून करार लागू आहे, त्यात सवलत आहे, पण ती आयात किंमत ५ डॉलरच्या वर असलेल्या बाटलीला. म्हणजे त्या बाई जी पिशवीत ठेवून गेल्या, तशी साधी-चांगली बाटली सवलतीच्या दारातच अडते. आपल्या मापाचं स्वस्त-चांगलं आपल्याला नाशिकच्या रस्त्यावरच शोधलं पाहिजे.

दुसऱ्या वेळी मी दुपारी तीनला गेलो, गर्दी नसताना. जाळीपलीकडे विशीतला मुलगा होता.

“शेनिन ब्लाँ आहे का? यंदाच्या खुडणीची?”

“वाइन आहे, अंकल. साल कोण बघतं?”

“मी बघतो. बाटली जरा बाहेर द्या. पैसे आधी ठेवून घ्या.”

त्याने पैसे घेतले आणि बाटली जाळीखालून सरकवली. मी ती घेऊन फुटपाथच्या कडेला, उन्हात आलो. साल दोन वर्षं जुनं. रंग ठीक होता, पण मान जरा गरम लागली. परत दिली. तो बघत राहिला, मग आत गेला, खोका फाडल्याचा आवाज आला, आणि त्याने दुसरी आणली. ती गार होती. उन्हात धरली तर आत गव्हाच्या ताज्या काडाचा फिकट रंग, त्यात हिरवी छटा, तळाशी काही नाही. मागच्या चिठ्ठीवर नाशिक, द्राक्षाचं नाव, साल. मुलगा स्वतःच जाळीशी येऊन वाकून बघत होता.

“काय दिसतं त्यात?” त्याने विचारलं.

मी सांगितलं. त्याने खोक्यातली आणखी एक काढून स्वतः ट्यूबलाइटकडे धरली.

काळी पिशवी मी घेतली नाही. बाटली कापडी थैलीत, कोथिंबीर आणि बोंबलांच्या पुडीशेजारी ठेवली. संध्याकाळी बायकोने तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, बोंबील रव्यात घोळून तळले. ती पीत नाही, पण ग्लास नाकाशी धरला आणि डोळे मिटले.

“पेरू,” ती म्हणाली. मग पुन्हा हुंगून, “नाही, पेरूचं पान.”

मी चष्मा लावला आणि वहीत तारीख, साल, किंमत लिहिली. त्यापुढे तिचा शब्द लिहिला.