अल्पाक्षरी अँटेना

अल्पाक्षरत्वाचे गोडवे आम्ही मराठीचे अध्यापक वर्गात वर्षानुवर्षे गात आलो आहोत. सूत्र चार शब्दांत आटोपते, कारण त्याचे ओझे भाष्यकार वाहतो, हे सांगायचे मात्र बहुधा राहून जाते. हा हिशेब आम्हांला रोखठोक मांडलेला दिसला तो मोबाइल रिपीटरच्या अँटेनात.

निमित्त घरगुती होते. कोकणातल्या घरी आई एकटी असते. जांभ्याच्या जाड भिंतींआड फोन लागत नाही, अंगणात लागतो. रात्री काही झाले तर?

रिपीटरची रचना साधी. छपरावरचा अँटेना टॉवरचा क्षीण सिग्नल टिपतो, मधले यंत्र तो वाढवते आणि घरातला दुसरा अँटेना तो पुन्हा सोडतो. उलट दिशेनेही तेच. मग दोन्ही एका डबीत का मावू नयेत? ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर. धातूच्या पत्र्यावर उभी केलेली, तिच्या चतुर्थांशाएवढी, म्हणजे आठेक सेंटिमीटरची तार सहज काम देते. त्याहून आखूड हवी तर ती नागमोडी वळवावी किंवा सिरॅमिकवर बसवावी. पण व्हीलर (१९४७) आणि चू (१९४८) यांनी दाखवून दिले, की अँटेना लहरीच्या मानाने फार लहान केला की बँडविड्थ तरी जाते, नाहीतर कार्यक्षमता तरी.

दुसरी अडचण आम्हांला अधिक बोलकी वाटली. दोन अँटेना जवळ आले, की घरातला बोलतो ते छपरावरचा ऐकतो. सिग्नल ७० डेसिबलने वाढवायचा असेल, तर दोहोंमधला आडोसा त्याहून १५ डेसिबलने तरी अधिक असावा, असा परिपाठ आहे. नाहीतर सभेतल्या माइकसारखे यंत्र किंचाळू लागते आणि आसपासच्या साऱ्यांचे फोन बिघडतात. म्हणून लहान अँटेनांना एकमेकांकडे पाठ करून बसवतात, मध्ये धातूचा पडदा घालतात. स्वतःचाच आवाज ऐकून मोठे होत जाण्याचा हा रोग साहित्यव्यवहारालाही अपरिचित नाही. असो.

याच कारणाने खासगी व्यक्तीने परस्पर रिपीटर बसवणे आपल्याकडे बेकायदा आहे. एका आईची सोय म्हणजे साऱ्या वाडीची गैरसोय, हे आम्हांला पटले. काळजी मात्र त्याने कमी झाली नाही. कंपनीकडे रीतसर अर्ज केला आहे. तोवर आई माजघर सोडून ओटीवर निजते, फोन उशाशी घेऊन.