अम्मीचा समुद्र

आमच्या बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. अम्मीने तो कधी पाहिला नव्हता. गुडघे चालेनासे झाल्यावर ती म्हणाली, ‘‘मुंबई रहने दो, मुझे लोणार दिखा दो.’’ मग एका रविवारी चिखली-मेहकर मार्गे आम्ही लोणारला निघालो.

लोणारचे सरोवर उल्केच्या आघाताने काळ्या बेसाल्ट खडकात झालेल्या विवरात आहे. विवराचा व्यास सुमारे पावणेदोन किलोमीटर. आत पाणी खारट, अल्कधर्मी. काठावर मात्र गोमुखाची गोड्या पाण्याची धार. अबुल फजलनेही ‘आईन-ए-अकबरी’त इथल्या खाराची नोंद केली आहे. साबण आणि काच करायला तो लागे, सरकारला महसूल मिळे. आमच्या घरी ही नोंद कोणी वाचली नव्हती, पण खार ठाऊक होता. अम्मीचे वडील, म्हणजे आमचे नाना, बैलगाडीतून खार वाहून नेत. अम्मीचे दोन्ही भाऊ त्या भाड्यावर शिकले. ती मात्र चौथीनंतर घरी बसली.

काठावर पोचलो. पायवाट उताराची. अम्मीने खाली डोकावून पाहिले आणि वरच एका दगडावर बसली. ‘‘तुम जाओ. मेरे लिए थोडा नमक लाना.’’

खाली झाडी दाट. वेडी बाभूळ नको तितकी माजलेली. मोर ओरडत होते. पाण्याजवळ आलो तसा उग्र वास आला. पाणी हिरवे, काठावर पांढरी कड. 2020 च्या जूनमध्ये हेच पाणी गुलाबी झाले होते. पाणी आटून क्षार वाढले आणि खाऱ्या पाण्यातले सूक्ष्मजीव फोफावले. त्या वेळी टाळेबंदीत घरी बसून आम्ही टीव्हीवर ते पाहिले होते. त्याच वर्षी सरोवर रामसर स्थळांच्या यादीत गेले.

चिमूटभर खार रुमालात घेतला. बरोबरचा धाकटा भाचा म्हणाला, ‘‘मामू, हे अभयारण्य आहे. इथून काही न्यायचं नसतं.’’ अभयारण्य 2000 साली झाले. नानांची गाडी त्याच्या कितीतरी आधीची. खरे सांगायचे तर आम्हाला त्या पोराचा रागच आला. पण बरोबर तोच होता. रुमाल झटकला.

वर आलो. अम्मीने हात पुढे केला. काय सांगावे सुचेना. तिने आमची बोटे धरली, पाहिली आणि अंगठ्याला चिकटलेला पांढरा कण जिभेवर ठेवला.

‘‘वही है,’’ ती म्हणाली. मग बराच वेळ ती खाली पाहत बसली. परतताना गाडीत तिने नानांच्या बैलांची नावे सांगितली. ती आम्ही प्रथमच ऐकत होतो.