भाव सांगणाऱ्याच्या बाजूला

मराठीच्या प्राध्यापकांकडे नोकरीच्या मुलाखतीची तयारी करून घेण्यास सहसा कोणी येत नाही. यंदा पोळ्याच्या सुमारास मात्र एम.ए.च्या वर्गातील एका विद्यार्थिनीला मुंबईत लोअर परळ येथील एका उंची, परदेशी कपड्यांच्या दुकानातून बोलावणे आले, आणि ते काम आमच्या विभागावर येऊन पडले. विभागात आम्ही तिघे. असल्या दुकानात तिघांपैकी कोणीही कधी पाऊल टाकलेले नाही.

'स्वतःविषयी सांगा' या पहिल्याच प्रश्नापाशी गाडी अडली. तिने गाव, वडिलांचे नाव, शिक्षण सांगितले आणि ती थांबली. आम्ही म्हटले, "अगं, स्वतःबद्दल सांग." ती म्हणाली, "हे माह्याबद्दलच तं हाये, सर." आता यावर काय बोलावे? दासबोधाच्या दुसऱ्या दशकातील पहिल्या समासात आत्मस्तुती मूर्खलक्षणांत गणली आहे, आणि तो समास आम्हीच वर्गात शिकवत आलो आहोत.

पुढे उच्चारांचा प्रश्न आला. 'काळा' रंग तिच्या तोंडी 'काया' होई. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो हे भाषाविज्ञानाच्या तासाला आम्ही मोठ्या कौतुकाने फळ्यावर लिहितो. तेच आता दुरुस्त करावयाचे होते. आमच्यापैकी एकाने त्यास साफ नकार दिला. दुसऱ्याचे म्हणणे असे की, बोलीच्या अभिमानावर मुंबईतल्या खोलीचे भाडे भागत नाही. हा वाद अद्याप मिटलेला नाही.

बाकी रीतीभातींत फारसे नवे आढळले नाही. वस्तू दोन्ही हातांनी पुढे करावी. नुसते पाहावयास आलेल्यालाही तितकाच वेळ द्यावा. आमच्या गावातील जुने कापड दुकानदार गिऱ्हाइकाला गादीवर बसवून, पाणी देऊन, 'घेऊ नका, पाहून तर जा' म्हणत लुगड्यांच्या घड्या मोडत, ते याहून वेगळे काय करीत होते? फरक एवढाच की, तेथे घासाघीस चाले.

म्हणून आम्ही विचारले, "ग्राहकाने किंमत कमी करा म्हटले तर?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आमच्याकडं भाव घेनाराच सांगते, मॅडम."

हे अक्षरशः खरे आहे. यवतमाळ जिल्ह्यातला कापूस उत्पादक आपल्या मालाची किंमत सांगत नाही, ऐकतो. सरकारी खरेदीत ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की हमीभावातून कपात होते, १२ टक्क्यांच्या वर माल घेतच नाहीत. खासगी व्यापारी तर मूठभर कापूस हातात घेऊन भाव बोलतो. यवतमाळ-मूर्तिजापूर ही 'शकुंतला' नावाची अरुंदमापी रेल्वे इंग्रजांच्या काळी घातली गेली तीही मुख्यतः येथला कापूस बाहेर नेण्यासाठी. लोअर परळच्या ज्या फिनिक्स मिलच्या आवारात आज पॅलेडियम मॉल आहे, ती कापसाचीच गिरणी. अशा घरातील मुलीने काचेच्या दारामागे उभे राहून 'आमच्याकडे किंमत कमी होत नाही' असे हसतमुखाने म्हणावयाचे होते. आम्ही ते वाक्य तिच्याकडून वीस वेळा तरी म्हणवून घेतले. दर वेळी शेवटी आवाज खाली जाई.

कापडाविषयी विचारले तेव्हा मात्र आवाज उतरला नाही. लांब धाग्याच्या कापसाचे सूत गुळगुळीत का होते, आखूड धाग्याची टोके वर येऊन कापड खरखरीत कसे लागते, हे तिने आमच्यापैकी एकाच्या सदऱ्याची बाही चिमटीत धरून समजावले. (सदरा आखूड धाग्याचा निघाला.)

घरी शेती आहे हे मुलाखतीत सांगावे की नाही, यावर आमची तिघांची तीन मते पडली. तिने सांगितले. दोन फेऱ्या पार पडल्या. तिसरीसाठी बोलावणे आले तेव्हा शेतात पहिली वेचणी सुरू झाली होती. वडिलांनी तिला थांबवले नाही. तिच्या जागी मजूर लावला. निकाल अजून यावयाचा आहे. मजुरी त्याच आठवड्यात द्यावी लागली.