आपले आणि परके

२०१८ च्या भाऊबीजेला दादाला ओवाळताना निरांजनाच्या उजेडात त्याच्या डाव्या कानाच्या पाळीवर एक खरखरीत पुटकुळी दिसली. "अगं, चामखीळ असेल," म्हणत त्याने विषय उडवून लावला. तालुक्याच्या डॉक्टरांनीही चार महिने मलमावर काढले. अखेर बायोप्सी झाली आणि त्वचेच्या कर्करोगाचे निदान झाले. प्रकार, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा.

दादाच्या शरीरात २००४ पासून आईचे मूत्रपिंड आहे. आई २०१३ साली गेली. "आई अजून द्राक्षबागेत हिंडते आहे," असे आम्ही थट्टेने म्हणत असू. त्या थट्टेखाली काय दडले होते, ते घरात सर्वांनाच ठाऊक होते.

नात्यांचा आपण केवढा बडिवार माजवतो! शरीराच्या प्रतिकारशक्तीला मात्र आई-लेकराचे नाते कळत नाही. ज्या खुणांवरून ती आपले-परके ओळखते, त्यांतील निम्म्याच खुणा आईकडून आलेल्या असतात. उरलेल्या निम्म्यांपुरती आई परकीच. १९५४ साली बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी केलेले मूत्रपिंडरोपण यशस्वी झाले, कारण देणारा आणि घेणारा एकसारखे जुळे भाऊ होते. इतरांसाठी प्रतिकारशक्तीला दडपणारी औषधे शोधावी लागली. अझाथायोप्रिन हे त्यांतले जुने औषध. दादा ते आणि सायक्लोस्पोरिन चौदा वर्षे नेमाने घेत होता.

परक्याकडे काणाडोळा करायला शिकवलेला पहारेकरी घरातल्या फितुराकडेही काणाडोळा करतो, हे तेव्हा उमगले. कर्करोगाची पेशी आपलीच असते. पण बिघडता बिघडता इतकी बदलते, की जागरूक प्रतिकारशक्ती तिला पुष्कळदा वेळीच हेरून संपवते. औषधांनी ही नजर मंदावते. शिवाय अझाथायोप्रिनचे अंश पेशींच्या डीएनएत शिरतात आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी होणारी इजा वाढवतात. गोऱ्या लोकांच्या देशांत अवयवरोपण झालेल्यांना हा कर्करोग इतरांच्या साठपटींहून अधिक होत असल्याची नोंद आहे. आपल्या सावळ्या त्वचेतील मेलॅनिन पुष्कळ संरक्षण देते. पण ते अभेद्य कवच नव्हे. दादाची तर हयात तासगावच्या उन्हात गेली.

शस्त्रक्रियेने गाठ निघाली. खरा पेच त्यानंतर उभा राहिला. औषधे पूर्वीसारखीच ठेवावीत, तर नव्या गाठींचे भय. कमी करावीत, तर शरीर मूत्रपिंड नाकारण्याचे. हल्लीची कर्करोगावरील काही औषधे प्रतिकारशक्तीचे लगाम सैल सोडतात. त्या शोधाला २०१८ साली नोबेलही मिळाले. पण दादासारख्या रुग्णात मोकळी सुटलेली ती शक्ती आधी मूत्रपिंडावरच तुटून पडण्याचा धोका मोठा.

"वाटलं तर सगळा कान कापा," दादा डॉक्टरांना म्हणाला, "पण आईच्या किडनीला धक्का लावू नका."

एरवी अबोल असलेला हा माणूस आईच्या दहाव्यालाही रडला नव्हता. त्या दिवशी मला कळले, की त्याच्या लेखी आई अजून गेलेलीच नव्हती.

डॉक्टरांनी मधला मार्ग काढला. अझाथायोप्रिन थांबवले आणि सायक्लोस्पोरिनच्या जागी सिरोलिमस दिले. एकदा असा कर्करोग झालेल्या रुग्णांवर युरोपात झालेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात जुन्या औषधावर राहिलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना दोन वर्षांत नव्या गाठी झाल्या. सिरोलिमसवर गेलेल्यांत हे प्रमाण २२ टक्के होते. धोका कमी झाला, संपला नाही. दादाने तेवढ्यावर समाधान मानले.

आता तो कान झाकून, पूर्ण बाह्यांचा सदरा घालून बागेत जातो, तेही ऊन उतरल्यावर. दर सहा महिन्यांनी त्वचा तपासून घेतो. आणि भाऊबीजेला मी निरांजन त्याच्या चेहऱ्यापाशी जरा जास्तच वेळ धरते. तो हसतो, निमूटपणे एक कान पुढे करतो आणि मग दुसरा.