गांगनुंग : सुट्टीची गर्दी आणि पाणी

जोडून सुट्टी आली की सोलचे लोक पूर्व किनारा गाठतात. डिसेंबर २०१७ पासून वेगवान रेल्वेमुळे गांगनुंग जेमतेम दोन तासांवर आले आहे. आम्ही गेलो तेव्हा ग्योंगपोच्या वाळूवर चटई टाकायलाही जागा नव्हती. आनमोकच्या कॉफीच्या दुकानांपुढे रांगाच रांगा. चोदांगमध्ये समुद्राच्या पाण्याने नासवलेल्या सोयाबीन दुधाचा मऊ टोफू मिळतो. मांस नसल्याची खात्री करून आम्ही तो खाल्ला.

याच शहरात ऑगस्ट २०२५ अखेर दुष्काळामुळे आपत्ती जाहीर झाली होती. ओबोंग जलाशय आटला आणि घरोघरचे नळ बारीक झाले. पाहुणे दोन दिवसांनी परततात. गावाला मात्र त्याच पाण्यावर राहायचे असते. म्हणून आम्ही मुलांना बजावले, वुजू करतानाही नळ बारीकच सोडा.